रक्ताच्या कर्करोगांतील पंक्तिभेद

इ. स. १६७५ च्या उन्हाळ्यांत जॉन फ्रायर नांवाचा एक इंग्रज वैद्य मुंबईहून जुन्नरास निघाला. हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. जुन्नर शहर आणि शिवनेरीचा किल्ला हीं दोन्ही त्या वेळीं मोगलांकडे होतीं. तेथील मोगल अंमलदाराच्या जनान्यांत दुखणें होतें. म्हणून त्यानें मुंबईच्या इंग्रजांकडे वैद्य मागितला आणि त्यांनीं तो पाठविला. घाट चढतांना वाटेची चूक झाली. नाणेघाटाऐवजीं ही मंडळी आहुप्याच्या घाटानें, म्हणजे आजच्या आंबेगांव तालुक्यांतून, वर आली. परततांना मात्र फ्रायर नाणेघाटानेंच उतरला.

जनान्यांत त्याची जी परीक्षा झाली ती त्यानें आपल्या ग्रंथांत मोठ्या चवीनें सांगितली आहे. हा ग्रंथ १६९८ सालीं लंडनांत छापला गेला. पडद्याआडून एक हात पुढें आला. फ्रायरनें नाडी पाहिली आणि या हाताला कांहींच दुखणें नाहीं असें सांगितलें. तें खरेंच होतें. वैद्याची पारख करावी म्हणून एका निरोगी दासीचा हात मुद्दाम पुढें केलेला होता. मग खऱ्या रोग्याचा हात आला. पुढें रक्त काढण्याचा प्रसंग आला तेव्हां पाहणाऱ्या स्त्रियांच्या गर्दीनें पडदाच खालीं आला! गोष्ट गमतीची आहे खरी; पण त्या दासीच्या हातापाशीं जरा थांबावेंसें वाटतें. ती स्वत: आजारी असती तर तिचा हात पडद्याबाहेर आला असता काय? आणि ज्या घाटानें वैद्य वर चढला त्या घाटावरील वस्त्यांतून कोणाची नाडी पाहण्याचें त्याला कारण तरी काय होतें?

रक्ताच्या रोगांचा इतिहास हा पुष्कळ अंशीं याच प्रश्नाचा इतिहास आहे. कोणाचा हात वैद्यापुढें येतो?

रक्ताचा कर्करोग हा शब्द आतां घरोघर ठाऊक झाला आहे. त्या एका शब्दाखालीं अनेक रोग मोडतात, आणि त्यांतील पुष्कळसे विरळा आहेत. माणसाचें रक्त हाडांच्या पोकळींतील मगजांत तयार होतें. त्या कारखान्यांत बिघाड होऊन पांढऱ्या पेशी अर्ध्याकच्च्या स्थितींतच बेसुमार वाढूं लागल्या म्हणजे तांबड्या पेशींना जागा उरत नाहीं व माणूस फिका पडतो. रक्त गोठविणाऱ्या कणिका कमी होतात व हिरड्यांतून रक्त येतें, अंगावर काळेनिळे डाग उठतात. आणि पांढऱ्या पेशी संख्येनें उदंड असूनही कामाच्या नसल्यामुळें ताप हटत नाहीं. १८४५ सालीं एडिंबर्ग येथें जॉन बेनेट यानें आणि बर्लिन येथें रुडॉल्फ फिर्शो यानें, एकमेकांस न विचारतां, असे रोगी वर्णिले. बेनेटला तो रक्तांतील पू वाटला. फिर्शोनें तो पू नव्हे हें ओळखलें आणि १८४७ सालीं या रोगास ल्यूकेमिया, म्हणजे पांढरें रक्त, असें नांव दिलें.

याच फिर्शोला पुढच्या वर्षीं प्रशियाच्या सरकारनें वरच्या सायलेशिया प्रांतांत पाठविलें. तेथें पोलिश भाषा बोलणाऱ्या गरीब प्रजेंत दुष्काळ व सांथीचा ताप यांनीं कहर केला होता. त्यानें परत येऊन जो अहवाल दिला त्यांत औषधांची यादी फारशी नव्हती. लोकांना त्यांच्या भाषेंत शिक्षण द्या, स्वातंत्र्य द्या, करांचा भार हलका करा, असा त्याचा आशय होता. सरकारला तो रुचला नाहीं हें सांगावयास नकोच. सूक्ष्मदर्शकांतून पेशी पाहणारा डोळा आणि खेड्यांतील चूल पाहणारा डोळा हे दोन्ही एका माणसापाशीं असूं शकतात, एवढें त्यावरून दिसतें.

आतां जुन्नर-आंबेगांवाकडे वळूं. या दोन तालुक्यांची पूर्व बाजू म्हणजे नारायणगांव-मंचरची, पुणें-नाशिक रस्त्यावरची, पाटाच्या पाण्याची. तेथें ऊंस, कांदा, द्राक्षें पिकतात. पश्चिम बाजू सह्याद्रीच्या कुशींतली. तेथें महादेव कोळी, ठाकर व कातकरी यांची वस्ती. भात, नाचणी, वरई हीं पिकें, आणि रानांतला हिरडा हा रोकड पैशाचा मोठा आधार. एकाच तालुक्यांत हे दोन मुलूख आहेत आणि कोणत्याही रोगाची गोष्ट या दोन मुलुखांत सारखी घडत नाहीं.

मोजदाद या मुलुखास नवी नाहीं. नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहनांच्या राणीनें केलेल्या यज्ञांतील दक्षिणा कोरलेली आहे. किती गाई, किती हत्ती, किती हजार कार्षापण, सारें अंकांनिशीं. भारतांतील अत्यंत जुन्या अंकांपैकीं ते अंक होत. राजाचें दान मोजण्याची कला येथें दोन हजार वर्षांपूर्वीं सिद्ध झाली होती. गरिबाचें मरण मोजण्याचा प्रघात इंग्रजी अमदानींत पडला. आणि तोही कसा, तर गांवच्या पाटलानें जन्ममृत्यूच्या नोंदवहींत कारण लिहावयाचें. पटकी, देवी, हगवण, ताप, इजा, आणि उरलेलें सगळें इतर, असे ठोकळ रकाने असत. त्यांत सर्वांत मोठा रकाना तापाचा. हिंवतापानें मेलेला, विषमज्वरानें मेलेला आणि रक्ताच्या कर्करोगानें मेलेला, हे तिघेही त्या एकाच रकान्यांत शेजारीशेजारीं निजले. पाटलाचा दोष नाहीं. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखालीं धरल्याशिवाय हा रोग ओळखतांच येत नाहीं, आणि पाटलापाशीं दऊत व लेखणी एवढींच आयुधें होतीं.

डोंगरांतली माणसें पोटासाठीं मुंबईस उतरत आलीं आहेत. मुंबईचे डबेवाले मुख्यत: जुन्नर, आंबेगांव, खेड, मावळ याच बाजूचे, हें सर्वश्रुत आहे. आणि या रोगाच्या इतिहासांतला एक विलक्षण अध्याय मुंबईंतच घडला.

१९२८ सालीं लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण मुंबईंत आली. गिरणींत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना एक भयंकर पांडुरोग जडत असे. त्यांत तांबड्या पेशी संख्येनें कमी पण आकारानें मोठ्या होत. विल्सबाईंनीं परळच्या हाफकिन संस्थेंत राहून त्याचा शोध चालविला. त्यांनीं जंतू शोधले, सांपडले नाहींत. मग त्यांनीं रोग्यांच्या ताटांत पाहिलें. भाजीपाला, फळें, दूध यांचा जेथें दुष्काळ तेथें हा रोग. शेवटीं यीस्टच्या अर्कापासून केलेला मार्माइट नांवाचा स्वस्त पदार्थ दिल्याबरोबर या स्त्रिया बऱ्या होऊं लागल्या. १९३१ सालीं हें प्रसिद्ध झालें. मार्माइटमधील त्या अज्ञात द्रव्यास पुढें बरींच वर्षें विल्सचें द्रव्य म्हणत. १९४१ सालीं पालकाच्या पानांतून तें वेगळें काढलें तेव्हां पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फोलिक ॲसिड असें नांव पडलें.

ज्या वर्षीं गिरणीकामगार स्त्रियांचा हा उपाय प्रसिद्ध झाला त्याच १९३१ च्या जूनमध्यें, मुंबईच्या अत्यंत श्रीमंत घराण्यांतील एक स्त्री वेल्समधील एका शुश्रूषागृहांत ल्यूकेमियानें मरण पावली. ती सर दोराबजी टाटा यांची पत्नी लेडी मेहेरबाई. स्त्रीशिक्षण आणि बालविवाह-प्रतिबंध या चळवळींत त्यांचें नांव मोठें होतें. पैसा, प्रतिष्ठा, विलायतेंतील नामांकित डॉक्टर यांपैकीं कशाचीही वाण नव्हती आणि कशाचाही उपयोग झाला नाहीं. त्या काळीं क्ष-किरण आणि सोमलाचे थेंब यापलीकडे या रोगावर हातांत कांहीं नव्हतें, आणि त्यांनीं रोग बरा होत नसे. ही गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. औषध नव्हतें तोंवर हा रोग समदर्शी होता. टाटांच्या घरांत आणि आहुप्याच्या झोंपडींत त्याचा शेवट एकच होता. अंतर इतकेंच कीं एका ठिकाणीं मरणास नांव मिळालें आणि दुसरीकडे तें तापाच्या रकान्यांत गेलें. पंक्तिभेद सुरू झाला तो उपाय सांपडल्यानंतर.

दोराबजींनीं १९३२ सालीं पत्नीच्या स्मरणार्थ एक न्यास स्थापिला व त्याच वर्षीं तेही जर्मनींत वारले. त्या न्यासाचा पैसा ल्यूकेमियाच्या संशोधनासाठीं जगभर जाऊं लागला, तो आजही जातो.

उपायाचें पहिलें पाऊल पुन्हां त्या गिरणीवाल्या स्त्रियांच्या पांडुरोगापर्यंत जाऊन भिडतें. आंध्रांतल्या भीमवरमचा येल्लाप्रगड सुब्बाराव हा अमेरिकेंत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेचा मुख्य होता. त्याच्या हाताखालच्या मंडळींनीं १९४० नंतरच्या दशकाच्या मध्यास फोलिक ॲसिड कृत्रिम रीतीनें तयार केलें. बोस्टनच्या सिडनी फार्बरनें तें ल्यूकेमियाच्या मुलांना देऊन पाहिलें, तों रोग उलट बळावला! तेव्हां फार्बरला सुचलें कीं जें द्रव्य रोग वाढवितें त्याच्या उलट कार्य करणारें द्रव्य द्यावें. सुब्बारावांच्याच प्रयोगशाळेनें तें बनवून दिलें. १९४८ सालीं फार्बरनें लिहिलें कीं १६ मुलांपैकीं १० मुलांस गुण दिसला. तो गुण कांहीं महिनेच टिकला. तरी आज लहान मुलांच्या ल्यूकेमियावर जे उपचार चालतात त्यांचें मूळ तेथें आहे. परळच्या ज्या स्त्रियांच्या फिक्या रक्तावरून हें सूत्र निघालें त्यांचीं नांवें कोणासही ठाऊक नाहींत.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथेंच टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. १९६२ पासून तें अणुशक्ति खात्याकडे आलें. त्या खात्याचे सूत्रधार होमी भाभा हे लेडी मेहेरबाईंचे भाचे, हा एक योगायोग. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. कोणत्या समाजाला कोणता कर्करोग होतो आणि कां, हा त्यांच्या आवडीचा विषय. कंबरेस घट्ट आवळलेल्या धोतराच्या कांठाखालीं होणारा कर्करोग, तंबाखू चघळणाऱ्यांच्या गालांतला कर्करोग, यांविषयीं त्यांनीं लिहिलें. त्यांनीं आणि सांघवी यांनीं १९४९ च्या सुमारास मुंबईतील सहा आपसांतच लग्नें करणाऱ्या समाजांच्या रक्तगटांची व इतर आनुवंशिक लक्षणांची तुलना प्रसिद्ध केली. एका शहरांत, एका हवेंत राहूनही हे समाज रक्तानें वेगळे दिसतात, असें त्यांतून निघालें. या गोष्टीचा उपयोग पुढें येईल.

१९६३ सालीं इंडियन कॅन्सर सोसायटीनें मुंबईंत भारतांतील पहिली कर्करोग-नोंदवही सुरू केली. खेड्यासाठीं अशी नोंदवही निघावयास १९८७ साल उजाडलें. ती सोलापूर जिल्ह्यांत बार्शीस निघाली. बार्शीच्या माणसांनीं दवाखान्यांत रोगी येण्याची वाट पाहिली नाहीं. ते गांवोगांव फिरले, चावडीवर बसले, कोणाला गांठ आहे, कोणाचा रक्तस्राव थांबत नाहीं, हें विचारीत गेले. अशा फिरण्यामुळें गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लौकरच्या अवस्थेंत सांपडूं लागला. तेथील कर्करोगाचें एकंदर प्रमाण मुंबईच्या निम्म्याच्या आसपास भरलें. यावरून खेडुतास कर्करोग कमी होतो असें कोणी म्हणेल, आणि कांहीं कर्करोगांपुरतें तें खरेंही असेल. पण गालांतली गांठ बोटाला लागते, रक्तांतला रोग बोटाला लागत नाहीं. जेथें काचेची पट्टी आणि ती वाचणारा डोळा नाहीं तेथें या रोगाचा आंकडा लहानच येणार. लहान आंकडा पाहून सरकार निश्चिंत होतें, आणि निश्चिंत सरकार प्रयोगशाळा देत नाहीं; असें हें रहाटगाडगें आहे.

वंशभेदाचा प्रश्न अमेरिकेंत अधिक उघडपणें तपासला गेला आहे. मगजांतील एका जातीच्या पेशींपासून होणारा मायलोमा नांवाचा कर्करोग तेथील कृष्णवर्णी लोकांत गोऱ्यांच्या दुप्पट आढळतो. त्यांत रक्ताचा कांहीं आनुवंशिक भाग असावा. परंतु माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत, जेथें दोघांसही सारखे उपचार मिळतात, तेथें कृष्णवर्णी रोगी गोऱ्यांइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, जगतात असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिसलें. रोग होणें वंशावर थोडेंफार अवलंबून असेल. रोगांतून वांचणें मात्र दाराशीं येणाऱ्या औषधावर अवलंबून राहिलें. सरसकट रक्तालाच दोष देऊन मोकळें होणाऱ्यांनीं हें पाहावें.

औषधाच्या किंमतीची लढाई हिंदुस्थानांतच लढली गेली. मायलॉइड जातीच्या एका सावकाश वाढणाऱ्या ल्यूकेमियांत नववें व बाविसावें गुणसूत्र यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्याची खूण १९६० सालीं फिलाडेल्फियांत सांपडली. त्या अदलाबदलीनें एक प्रथिन बनतें, तें पेशींना वाढा, वाढा अशी एकसारखी आज्ञा देत राहतें. त्या प्रथिनाचें तोंड बंद करणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ सालीं अमेरिकेंत मान्य झाली. पूर्वीं जो रोगी चार-पांच वर्षांचा सोबती समजला जाई तो रोज ही गोळी घेऊन जवळजवळ पुरें आयुष्य जगूं लागला. पश्चिमेकडे हा रोग बहुधा साठीच्या सुमारास होतो. आपल्याकडे तिशी-चाळिशींत, ऐन संसाराच्या भरांत, पुष्कळ दिसतो. नोव्हार्टिस कंपनीच्या गोळीचा खर्च महिन्यास सुमारें १,२०,००० रुपये होता. देशी कंपन्यांची तीच गोळी ८,००० ते १०,००० रुपयांत मिळे. २००३ मध्यें नोव्हार्टिसला विक्रीचा एकाधिकार मिळाला. कंपनी हजारों गरिबांस औषध फुकट देत होती, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण दात्याची मर्जी आणि रोग्याचा हक्क यांत अंतर आहे. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेनें पेटंटास हरकत घेतली. २००६ सालीं चेन्नईच्या पेटंट कचेरीनें अर्ज फेटाळला. कंपनी वर गेली. १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयाचे न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांनीं निकाल दिला: जुन्या द्रव्याचें नवें स्फटिकरूप काढलें एवढ्यानें तें आपल्या कायद्याप्रमाणें नवें औषध ठरत नाहीं. देशी गोळी राहिली, आणि पुढें आणखी स्वस्त झाली.

त्याच २०१३ सालच्या अखेरीस राज्य सरकारची जीवनदायी आरोग्य योजना पुणें जिल्ह्यास लागू झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव आहे. तींत कर्करोगाचे पुष्कळ उपचार बसतात. कागदावर पाहतां आहुपें आणि पुणें यांमधील भेद मिटला.

पण कागद घाटावर चढत नाहीं. आंबेगांव तालुक्यास ज्या गांवानें नांव दिलें तें गांवच डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं, उपजिल्हा रुग्णालय मंचरला, आणि मगजाची तपासणी करावयाची तर पुणें किंवा मुंबई. फिकेपणा व ताप घेऊन आलेल्या डोंगरांतल्या मुलास प्रथम हिंवतापाचें औषध मिळतें, मग लोहाच्या गोळ्या. आणि यांत वैद्याची चूक म्हणतां येत नाहीं, कारण शंभरांत नव्याण्णव वेळां तें बरोबरच असतें. शंभराव्या मुलासाठीं महिना जातो. तीव्र ल्यूकेमियास महिना पुष्कळ झाला. सावकाश वाढणाऱ्या जातींत गोळी फुकट मिळाली तरी ती रोज, न चुकतां, वर्षानुवर्षें घ्यावी लागते आणि ठराविक काळानें रक्त तपासावें लागतें. एका फेरीस रोग्याची व सोबत्याची मिळून दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. हिरडा गोळा करण्याच्या दिवसांत ती फेरी चुकली तर नवल कोणी मानूं नये.

राहतां राहिला तो भेद पैशानेंही लगेच मिटणारा नाहीं. कांहीं ल्यूकेमियांत दुसऱ्या माणसाच्या मगजांतील मूळपेशी द्याव्या लागतात. भारतांतील असें पहिलें रोपण १९८३ सालीं टाटा रुग्णालयांत एका लहान मुलीवर झालें. पेशी तिच्या भावाच्या होत्या. सख्ख्या भावंडाशीं पेशींच्या खुणा जुळण्याचा संभव चारांत एक. न जुळल्यास परका दाता शोधावा लागतो, आणि या खुणा वंशपरंपरेनें येत असल्यामुळें तो बहुधा आपल्याच समाजांत सांपडतो. अमेरिकेच्या दातृ-नोंदवहींत युरोपीय वंशाच्या रोग्यास पूर्ण जुळणारा दाता मिळण्याचा संभव शेंकडा ७५ आहे. दक्षिण व मध्य अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांस शेंकडा १६. हे आंकडे २०१४ चे. खानोलकर-सांघवींच्या त्या सहा समाजांची आठवण येथें होते. शतकानुशतकें आपसांतच लग्नें करणाऱ्या आपल्या देशांत अशा नोंदवहीस प्रत्येक जातीजमातीचीं माणसें हवींत. नाहींतर शहरांतल्या सुशिक्षित वर्गाचे दाते शहरांतल्या सुशिक्षित वर्गालाच जुळत राहतील. २०२४ च्या एप्रिलमध्यें मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें रोग्याच्याच पांढऱ्या पेशी शिकवून परत देणाऱ्या देशी उपचाराचें राष्ट्रपतींच्या हस्तें उद्घाटन झालें; परदेशांत तो कांहीं कोटींना पडतो, येथें चाळीस लाखांच्या आसपास. स्वस्त हा शब्द किती ताणला जाऊं शकतो!

दात्री ही दातृ-नोंदवही भारतांत २००९ सालीं निघाली. १८ ते ५० वर्षांच्या निरोगी माणसाचें नांव तींत घालतां येतें. रक्त काढावें लागत नाहीं. कापसाचा बोळा गालाच्या आंतल्या बाजूनें फिरवून नमुना घेतात. घोडेगांवीं आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी आहे, पश्चिम पट्ट्यांत आश्रमशाळा आहेत, आणि महाशिवरात्रीस भीमाशंकराच्या जत्रेंत दोन्ही तालुक्यांचीं माणसें एका वाटेवर येतात. एखाद्या ठाकर किंवा कोळी पोरासाठीं जुळणारा दाता, असलाच तर, त्या वाटेवर चालत असतो.